सीएमएसमधली फोटो गॅलरी बाहेर काढून स्वतंत्र करताना

सीएमएस म्हणजे वर्डप्रेससारखं, साइट चालवणारं सॉफ्टवेअर. त्यातली गॅलरी हलवायची म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या फोटोंच्या फायली. खरं तर फायली उचलून दुसरीकडे ठेवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड असतं ते फोटोंभोवती वर्षानुवर्षं साठलेलं: शीर्षकं, फोटोओळी, अल्बममधला क्रम, छायाचित्रकाराचं नाव, टॅग, आणि प्रत्येक फोटोचा तो पत्ता, जो लोकांनी कुठे कुठे जोडून ठेवलेला असतो. यातलं बहुतेक सगळं सीएमएसच्या डेटाबेसमध्ये राहतं. फायली नेल्या आणि डेटाबेस मागे राहिला, तर हाती उरतो नुसता चित्रांचा ढीग.

म्हणून मी कुणालाही एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. एका सॉफ्टवेअरमधून थेट दुसऱ्यात उडी मारू नका. मध्ये एक थांबा घ्या: साध्या फोल्डरांमध्ये लावलेले मूळ फोटो आणि त्यांच्याशेजारी सीएसव्ही स्वरूपातला (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकूर-फाइलमधला) एक तक्ता. या थांब्यावर सगळं नीट जमलं की नवी गॅलरी कुठलीही असो, ती त्याच साहित्यातून उभी करता येते. उद्या तीही बदलावी लागली तर पुन्हा डेटाबेस उकरत बसावं लागत नाही.

खालची उदाहरणं वर्डप्रेसकडून पिविगो या स्वतंत्र गॅलरी-सॉफ्टवेअरकडे जाण्याची आहेत, कारण ही वाट बऱ्याच जणांच्या कामाची आहे. ड्रुपलमध्ये फायलींची नोंद 'फाइल-मॅनेज्ड' या टेबलात असते आणि छोट्या प्रती 'स्टाइल्स' फोल्डरमध्ये बनतात. जूमलामध्ये गॅलरी एक्स्टेन्शनची स्वतःची टेबलं असतात. नावं वेगळी, पायऱ्या त्याच.

आधी ठरवा, कशा प्रकारची गॅलरी हवी

स्वतंत्र गॅलऱ्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारात सर्व्हरवर पीएचपी आणि डेटाबेस लागतो. पिविगो त्यातली जुनी आणि भक्कम. ती २००२ साली पीएचपीवेबगॅलरी या नावाने सुरू झाली आणि २००९ पासून पिविगो म्हणून ओळखली जाते. लीची हाही याच प्रकारातला, दिसायला नेटका पर्याय. दुसऱ्या प्रकारात सिगाल किंवा थंब्सअपसारखं साधन तुमच्या संगणकावर फोटोंचं फोल्डर वाचून तयार एचटीएमएल पानं बनवतं. ती पानं सर्व्हरवर चढवली की काम संपलं. तिथे लॉगिन नाही, डेटाबेस नाही, हॅक होण्यासारखं जवळपास काही नाही.

निवडीसाठी दोनच प्रश्न विचारा. तुमच्याशिवाय आणखी कुणी फोटो चढवणार आहे का? काही अल्बम ठरावीक लोकांनाच दिसायला हवेत का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर स्थिर पानांची गॅलरी घ्या, तिला सांभाळावं लागत नाही. एकाचंही उत्तर 'हो' असेल तर पिविगो किंवा लीची.

सॉफ्टवेअर निवडताना त्याची शेवटची आवृत्ती कधी आली तेही बघून घ्या. मेनाल्टोची 'गॅलरी' एके काळी सीएमएसमध्ये बसवून सर्रास वापरली जायची. २०१४ साली तिचं काम थांबलं आणि तिच्यावर विसंबलेल्या सगळ्यांना नवी जागा शोधावी लागली.

पूर्ण प्रत घ्या

डेटाबेसची एक प्रत आणि अपलोड्स फोल्डरची (वर्डप्रेस फोटो ठेवतं ते) एक प्रत, दोन्ही एकाच दिवशी घ्या. प्रत घेतल्यापासून काम पुरं होईपर्यंत जुन्या गॅलरीत नवे फोटो टाकणं बंद ठेवा.

हजारो छोट्या फायली एफटीपीने एकेक उतरवायला गेलात तर मधल्या दोन-चार कधी गळल्या ते कळतही नाही. सर्व्हरवर एसएसएचची (दुरून आज्ञा देण्याच्या सुरक्षित जोडणीची) सोय असेल तर आरसिंक हे फायली उतरवणारं साधन वापरा. जोडणी तुटली तरी ते उरलेल्या फायलींपासून पुढे चालू होतं. ती सोय नसेल तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून सर्व्हरवरच टार फाइल (सगळ्या फायलींचं एक गाठोडं) बनवा आणि ती एकच उतरवा. फायलींची नावं देवनागरीत असतील तर झिप टाळा, उलगडताना नावं बिघडण्याची शक्यता असते. उतरवून झालं की दोन्हीकडची फायलींची संख्या आणि चेकसम (फाइलच्या आतल्या बाइटवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून घ्या.

डेटाबेस निर्यात करताना अक्षरसंच (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) यूटीएफ८एमबी४ असा स्पष्ट सांगा. निर्यात झाली की फाइल साध्या एडिटरमध्ये उघडा आणि मराठी फोटोओळ शोधून डोळ्यांनी वाचा. जुन्या साइटवर एक विचित्र प्रकार आढळतो: टेबल स्वतःला लॅटिन-१ समजतं, पण आत प्रत्यक्षात यूटीएफ-८ बाइट भरलेले असतात. साइटवर मराठी अगदी नीट दिसतं, कारण वाचताना आणि लिहिताना चूक सारखीच होत असते. निर्यात केल्यावर मात्र टोप्या घातलेल्या युरोपीय अक्षरांचा गिचमिडा हाती येतो. अशा वेळी तेच टेबल लॅटिन-१ अक्षरसंच सांगून निर्यात करा. मूळ बाइट जसेच्या तसे बाहेर येतात आणि ती फाइल यूटीएफ-८ म्हणून उघडली की मराठी वाचता येतं. दुरुस्ती इथेच करून टाका, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर हाच मजकूर वापरायचा आहे.

मूळ फोटो कोणता, ते ओळखा

अपलोड्स फोल्डर उघडलं की एकाच फोटोच्या पाच-सहा प्रती दिसतात. वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६ आणि २०४८ पिक्सेलच्या प्रती बनवून ठेवतं. थीम आणि प्लगइन त्यात आपली भर घालतात. नव्या गॅलरीत यातलं काहीही न्यायचं नाही. ती तिला हव्या त्या मापाच्या प्रती स्वतः बनवते. न्यायचा तो फक्त मूळ फोटो.

नावाच्या शेवटी '३००x२००' असं माप असलेल्या फायली वगळल्या की झालं, असं वाटतं. पण मूळ फाइलचं नावही कधी कधी असंच असतं, आणि मग मूळच वगळलं जातं. त्यापेक्षा डेटाबेसलाच विचारा. पोस्ट्स टेबलात ज्या नोंदींचा प्रकार 'अटॅचमेंट' आहे, ती प्रत्येक नोंद म्हणजे एक फोटो. त्या फाइलचा मार्ग पोस्टमेटा टेबलात 'अटॅच्ड-फाइल' या किल्लीखाली असतो.

इथे एक मोठी मेख आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून वर्डप्रेस २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो आपोआप लहान करतं, त्याच्या नावाच्या शेवटी 'स्केल्ड' लावतं आणि डेटाबेसमध्ये मुख्य फाइल म्हणून त्याच लहान प्रतीची नोंद ठेवतं. मूळ फोटो फोल्डरमध्ये असतो, पण त्याचं नाव 'अटॅचमेंट-मेटाडेटा' या नोंदीत, 'ओरिजिनल-इमेज' या खणात दडलेलं असतं. ही नोंद पीएचपीच्या सिरियलाइझ्ड स्वरूपात (बरीच माहिती एकाच मजकुरात गुंडाळलेली) असल्याने नुसत्या एसक्यूएलने, म्हणजे डेटाबेसच्या प्रश्नभाषेने, ती धड वाचता येत नाही. छोटी पीएचपी स्क्रिप्ट लिहा, किंवा वर्डप्रेस अजून चालू असेल तर त्याचंच मूळ फोटोचा मार्ग देणारं फंक्शन वापरा. ही पायरी गाळली तर ६००० पिक्सेलचा फोटो सोडून तुम्ही २५६०चा घेऊन जाल, आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसत असल्याने फरक लक्षातही येणार नाही. मोबाइलवर उभे धरून काढलेले फोटो असतील तर 'रोटेटेड' असं शेपूट लागलेल्या प्रतीही सापडतील. त्यांच्या बाबतीतही हाच नियम लावा.

नेक्स्टजेन गॅलरी प्लगइन असेल तर फोटो अपलोड्समध्ये नसून वेगळ्या 'गॅलरी' फोल्डरमध्ये असतात. तिथे चढवतानाच फोटो लहान करण्याची सोय चालू असेल, तर मूळ फोटो 'बॅकअप' असं शेपूट लागलेल्या नावाने शेजारीच पडलेला असतो. घ्यायचा तो बॅकअपवाला.

फोटो हलके करणारी प्लगइनं कधी वापरली होती का, तेही आठवून बघा. त्यातली काही मूळ फाइलवरच लिहितात आणि एक्झिफ माहिती (कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेली तारीख वगैरे) काढून टाकतात. तसं झालं असेल तर कॅमेऱ्यातून उतरवलेले फोटो जुन्या हार्ड डिस्कवर शोधण्याची हीच वेळ.

तक्ता बनवा

या कामात जेवढा वेळ द्याल तेवढा कमीच. प्रत्येक फोटोसाठी एक ओळ आणि त्यात हे रकाने असू द्या: जुना क्रमांक, जुन्या फाइलचा मार्ग, नवा मार्ग, शीर्षक, फोटोओळ, वर्णन, छायाचित्रकार, काढल्याची तारीख, टॅग, अल्बम, अल्बममधला क्रम, जुन्या पानाचा पत्ता, चेकसम.

वर्डप्रेसमध्ये शीर्षक पोस्ट्स टेबलाच्या 'टायटल' रकान्यात असतं, फोटोओळ 'एक्सर्प्ट'मध्ये, वर्णन 'कंटेंट'मध्ये, आणि दृष्टिहीनांच्या स्क्रीनरीडरसाठी लिहिलेला पर्यायी मजकूर पोस्टमेटा टेबलात. हा पर्यायी मजकूर हमखास मागे राहतो. कुणीतरी काळजीने लिहिलेला असतो तो, त्याच्यासाठी वेगळा रकाना ठेवा. नेक्स्टजेनचं स्वतःचं 'पिक्चर्स' टेबल असतं. त्यात फाइलचं नाव, वर्णन, शीर्षक आणि क्रम असतो, शिवाय फोटो लपवलेला आहे का याची खूणही असते. ती खूण तपासायलाच हवी, नाहीतर मुद्दाम लपवलेले फोटो नव्या गॅलरीत उघडे पडतील.

अल्बम शोधणं थोडं चिकट काम आहे. वर्डप्रेसची मूळ गॅलरी म्हणजे लेखात लिहिलेला शॉर्टकोड, ज्यात फोटोंचे क्रमांक ओळीने दिलेले असतात. ते क्रमांक ज्या क्रमाने लिहिले आहेत, तोच अल्बमचा क्रम. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ५.० आवृत्तीनंतरच्या लेखांत शॉर्टकोडच्या जागी गॅलरी ब्लॉक असतो. २०२२ मधल्या ५.९ पासून त्या ब्लॉकच्या आत प्रत्येक फोटोचा वेगळा ब्लॉक असतो आणि फोटोओळही तिथेच, लेखाच्या मजकुरात, लिहिलेली असते. म्हणजे एकाच फोटोला दोन फोटोओळी असू शकतात: एक मीडिया लायब्ररीतली आणि एक लेखातली. माझ्या मते लेखातली धरावी, कारण वाचकांनी तीच वाचलेली असते.

तक्ता एक्सेलमध्ये थेट उघडलात तर मराठी मजकूर बिघडू शकतो, '००१'चं '१' होतं आणि तारखांचं रूप बदलतं. लिबरऑफिस कॅल्क फाइल उघडतानाच अक्षरसंच विचारतं. तिथे यूटीएफ-८ निवडा आणि सगळे रकाने 'मजकूर' म्हणून घ्या.

आता फायलींची नवी नावं. पिविगोच्या फोल्डरमधून फोटो जोडायचे असतील तर नावात फक्त रोमन अक्षरं, आकडे, आडवी रेघ, अधोरेखा आणि टिंब चालतं. जागा सोडलेली किंवा देवनागरी नावं ती मुळात घेतच नाही. हा नियम सेटिंगमध्ये सैल करता येतो, पण मी तो तसाच ठेवायला सांगेन. देवनागरी नावांचा एक जुना त्रास त्यामुळे आपोआप टळतो. 'दुसऱ्या' या शब्दातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि खाली नुक्ता असा. मॅकची जुनी फाइलव्यवस्था नाव साठवताना त्याचे दोन तुकडे करायची, लिनक्स जे मिळालं ते तसंच ठेवतं. पडद्यावर नाव तंतोतंत तेच दिसतं, तरी सर्व्हर म्हणतो फाइल सापडत नाही. नावं साधी ठेवा, पुढे तीन आकडी क्रमांक लावा म्हणजे क्रमही टिकतो, आणि मराठी सगळं तक्त्यात राहू द्या.

माहिती फोटोच्या पोटात भरा

फोटोच्या फाइलमध्ये माहिती ठेवायच्या तीन जागा आहेत. एक्झिफमध्ये कॅमेरा, तारीख, जीपीएस अशी यंत्राने लिहिलेली माहिती असते. आयपीटीसी ही वृत्तसंस्थांच्या कामासाठी घडलेली जुनी पद्धत, आणि एक्सएमपी ही नवी, लवचीक. शीर्षक आणि फोटोओळ फाइलमध्येच लिहून ठेवली की फोटो कुठेही गेला तरी त्याची ओळख सोबत राहते. यासाठी एक्झिफटूल या साधनाला तोड नाही. तक्त्याचा पहिला रकाना फाइलचा मार्ग आणि बाकीच्या रकान्यांची नावं माहितीच्या खणांची, अशी सीएसव्ही दिली की ते हजारो फोटोंमध्ये एका दमात माहिती भरतं. मात्र हे प्रतीवरच करा, मूळ संच हात न लावता बाजूला ठेवा.

मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे थांबून नीट बघावं अशी एक गोष्ट आहे. आयपीटीसीमध्ये शीर्षकाच्या खणाला ६४ बाइटची मर्यादा आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८मध्ये तीन, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. म्हणजे जेमतेम २१ चिन्हं. 'पहाटेच्या धुक्यात बसलेला बगळा' हे शीर्षक ८१ बाइटचं होतं, त्यामुळे एक्झिफटूल ते छाटतं आणि 'पहाटेच्या धुक्यात बसले' एवढंच उरतं. वाक्य वाचता येतं, म्हणून चूक पटकन दिसतही नाही. एक्झिफटूल इशारा देतं, पण हजार ओळींच्या गर्दीत तो वाहून जातो. फोटोओळीच्या खणाला २००० बाइट आहेत, म्हणजे साधारण ६६६ चिन्हं, ते बहुतेक वेळा पुरतं. टॅगला पुन्हा ६४, पण टॅग सहसा छोटेच असतात.

उपाय असा: शीर्षक एक्सएमपीत लिहा, तिथे ही अडचण नाही. फोटोओळ आणि टॅग एक्सएमपी आणि आयपीटीसी दोन्हींत लिहा. आयपीटीसीत लिहिताना त्यातला अक्षरसंचाचा खण यूटीएफ-८ असा भरायला विसरू नका, नाहीतर वाचणारं सॉफ्टवेअर मजकूर वेगळ्याच लिपीचा समजतं. पिविगो मुळात एक्झिफ आणि आयपीटीसी वाचते, एक्सएमपी वाचत नाही. त्यामुळे तिच्यात शीर्षकं वेगळ्या वाटेने भरावी लागतात.

नवी गॅलरी उभी करा

पिविगो बसवणं सोपं आहे. फायली चढवायच्या, रिकामा डेटाबेस द्यायचा, पानावरच्या सूचना पाळायच्या. ती वेगळ्या सबडोमेनवर ठेवा, म्हणजे जुनी साइट चालू असतानाच निवांत काम करता येतं. तयार होईपर्यंत सर्व्हरवरच पासवर्ड लावून ती बंद ठेवा, म्हणजे सर्च इंजिन अर्धवट पानं उचलणार नाहीत.

फोटो तिच्या 'गॅलरीज' फोल्डरमध्ये ठेवायचे, प्रत्येक फोल्डरचा एक अल्बम होतो. मग प्रशासनाच्या पानावरून सिंक्रोनाइझ करायचं. त्यात नुसती चाचणी करून बघण्याचा पर्याय आहे, तो आधी वापरा. कुठली नावं नाकारली गेली ते लगेच कळतं. आयपीटीसी वाचणं मुळात बंद असतं, ते कॉन्फिगरेशन फाइलमध्ये चालू करावं लागतं. तिथेच कुठला खण कशासाठी वापरायचा त्याची जोडणी असते. त्यातून शीर्षकाचा खण काढून टाका. शीर्षक आपण डेटाबेसमध्ये भरणार आहोत, आणि जोडणी राहिली तर पुढच्या प्रत्येक मेटाडेटा-सिंकला फाइलमधलं जुनं किंवा तुटकं शीर्षक त्यावर लिहिलं जाईल.

शीर्षकं भरायला तक्ता डेटाबेसमध्ये तात्पुरतं टेबल म्हणून चढवा आणि फाइलचा मार्ग जुळवून इमेजेस टेबलाचा 'नेम' रकाना एका अपडेट आज्ञेने भरा. अल्बमची मराठी नावं प्रशासनाच्या पानावर देता येतात, त्यासाठी फोल्डरचं नाव बदलायची गरज नाही. उलट, सिंक झाल्यानंतर फोल्डर किंवा फाइलचं नाव बदलू नकाच. पिविगो तो फोटो नवा समजते आणि त्याच्याशी जोडलेली माहिती जाते.

छोट्या प्रती बनताना सर्व्हर दमतो, त्याचा हिशोब आधी करा. ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो म्हणजे २४ दशलक्ष पिक्सेल. पीएचपीतली चित्रं हाताळणारी जीडी लायब्ररी एका पिक्सेलला ४ बाइट घेते, म्हणजे नुसता फोटो उघडायलाच ९६ दशलक्ष बाइट. तो फिरवायचा असेल तर तेवढीच आणखी एक प्रत. पीएचपीची मर्यादा १२८ एमबी असेल तर पान पांढरं पडतं. सर्व्हरवर इमेजमॅजिक हा जीडीचा पर्याय असेल तर तोच निवडा, नसेल तर मर्यादा वाढवून घ्या. एरवी या प्रती पहिल्या वेळी कुणी फोटो बघेल तेव्हा बनतात. गॅलरी खुली करण्याआधी बॅच मॅनेजरमधून त्या बनवून घेतल्या तर पहिल्या पाहुण्यांना ताटकळावं लागत नाही.

सिगाल वापरणार असाल तर डेटाबेसचं हे सगळं प्रकरणच नाही. प्रत्येक फोटोशेजारी त्याच नावाची छोटी मार्कडाउन (साध्या मजकुराची) फाइल ठेवायची आणि त्यात शीर्षक लिहायचं. तक्त्यातून अशा फायली बनवणं दहा-बारा ओळींच्या स्क्रिप्टचं काम.

खासगी ते खासगीच राहू द्या

जीडी वापरणाऱ्या वर्डप्रेस साइटवर छोट्या प्रतींमधली एक्झिफ माहिती गळून पडते, जीपीएससुद्धा. लोक त्या प्रतीच बघत होते. आता तुम्ही मूळ फोटो चढवणार, आणि त्यात घराचे अक्षांश-रेखांश असू शकतात. लहान मुलांचे, घरगुती कार्यक्रमांचे फोटो असतील तर चढवायच्या प्रतींमधून जीपीएस एक्झिफटूलने काढून टाका. तुमच्याकडच्या मूळ संचात ते राहू द्या.

वर्डप्रेसमध्ये लेखाला पासवर्ड असला तरी त्यातली फोटोची फाइल थेट पत्ता माहीत असणाऱ्याला उघडताच येते. नव्या गॅलरीतही अल्बम खासगी केला म्हणजे फाइल आपोआप खासगी झाली असं धरून चालू नका. ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता, मूळ फोटोचा थेट पत्ता टाकून बघा. फोटो दिसला तर त्या फोल्डरला सर्व्हरच्या पातळीवर कुलूप लावणं भाग आहे.

प्रतिक्रिया हलवायच्या का, हे तुमच्यावर. वर्डप्रेसमध्ये त्या बहुतेक वेळा लेखाला जोडलेल्या असतात, पिविगोमध्ये एकेका फोटोला. कुठली प्रतिक्रिया कुठल्या फोटोला लावायची हे माणसानेच ठरवावं लागतं. फोटोतल्या माणसांची नावं, जागेची ओळख अशी माहिती कुणी प्रतिक्रियेत दिली असेल, तर ती फोटोच्या वर्णनात घेणं मला जास्त उपयोगी वाटतं. सदस्यांचे पासवर्ड हलवण्याच्या फंदात पडू नका, त्यांना नवा पासवर्ड घ्यायला सांगा.

जुने पत्ते जिवंत ठेवा

जुन्या पत्त्यांचे तीन प्रकार असतात आणि तिघांची व्यवस्था वेगळी. पहिला, अल्बमचं किंवा लेखाचं पान. दुसरा, एकेका फोटोचं अटॅचमेंट पान. नोव्हेंबर २०२३ मधल्या ६.४ आवृत्तीपासून नव्या वर्डप्रेस साइटवर ही पानं बंद असतात, पण जुन्या साइटवर ती असतात आणि सर्च इंजिनांनी ती नोंदलेलीही असतात. तिसरा, अपलोड्समधल्या फाइलचा थेट पत्ता, जो इतरांनी आपल्या पानांवर चिकटवलेला असतो.

पहिल्या दोघांसाठी तक्त्यातल्या जुन्या पत्त्याकडून नव्या पत्त्याकडे कायमचा, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट (वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर वळवणारा नियम) लावायचा. सुरुवातीचे काही दिवस तात्पुरता ३०२ ठेवा. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतात, त्यामुळे एखादी ओळ चुकली तर वाचकाच्या ब्राउझरमधून ती पुसणं तुमच्या हातात राहत नाही. सगळं बरोबर आहे याची खात्री पटली की ३०१ करा. गूगलच्या सल्ल्यानुसार हे रीडायरेक्ट निदान एक वर्ष ठेवावेत. मी म्हणेन, डोमेन तुमचं आहे तोवर ठेवा, त्यांना खर्च काही येत नाही.

जुने पत्ते शीर्षकावरून स्वतः बनवू नका, डेटाबेसमधूनच घ्या. वर्डप्रेस देवनागरी पत्ता टक्क्याच्या चिन्हांच्या सांकेतिक रूपात साठवतं. त्यात एका देवनागरी चिन्हाला नऊ अक्षरं लागतात आणि रकान्याची मर्यादा २००ची. म्हणजे २२ चिन्हांच्या पुढचं शीर्षक पत्त्यात येतच नाही, ते मध्येच कापलेलं असतं. शिवाय डेटाबेसमध्ये हे रूप लहान लिपीतल्या रोमन अक्षरांत असतं आणि ब्राउझर बहुधा मोठ्या लिपीत पाठवतो. अपाचे आणि एनजिनएक्स ही वेब-सर्व्हरची सॉफ्टवेअरं. अपाचेचा रीराइट नियम आणि एनजिनएक्सचं सामान्यीकृत यूआरआय हे दोघेही हे सांकेतिक रूप उलगडल्यानंतर पत्ता जुळवतात. म्हणून नियमांची फाइल यूटीएफ-८मध्ये ठेवा आणि पत्ते सरळ देवनागरीत लिहा. 'अटॅचमेंट-आयडी' असं प्रश्नचिन्हानंतर येणारे पत्ते अपाचेच्या साध्या रीडायरेक्टला दिसत नाहीत, त्यांच्यासाठी क्वेरी-स्ट्रिंग तपासणारी रीराइटची अट लागते.

तिसऱ्या प्रकाराला माझं स्पष्ट मत: अपलोड्स फोल्डर जिथे आहे तिथेच, त्याच पत्त्यावर राहू द्या. वर्डप्रेस काढून टाकलं तरी ते नुसत्या फायलींचं फोल्डर म्हणून चालतं. जागा खाईल, पण इतरांच्या पानांवरची चित्रं फुटणार नाहीत. वर्डप्रेस लेखांसाठी चालूच ठेवणार असाल तर मीडिया लायब्ररीतून फोटो पुसण्याआधी तो कुठल्या लेखात वापरलेला नाही ना, ते शोधा. लेखातल्या फोटोचा उल्लेख बहुतेक वेळा छोट्या प्रतीच्या नावाने असतो, त्यामुळे मूळ नावाने शोधून काही सापडत नाही. नावाचा शेपूट नसलेला भाग घेऊन शोधा.

तपासणी आणि बदल

तक्त्यातला जुन्या पत्त्यांचा रकाना एका स्क्रिप्टला द्या आणि प्रत्येक पत्ता उघडून कुठे पोहोचतो ते नोंदवून घ्या. ४०४ (पान सापडत नाही) एकही नको, आणि एका रीडायरेक्टवरून दुसऱ्यावर अशा साखळ्याही नकोत. प्रत्येक अल्बममधली फोटोंची संख्या तक्त्याशी जुळवा. मग काही फोटो सहज निवडून डोळ्यांनी बघा: उभा फोटो आडवा तर झालेला नाही, रंग फिके तर पडले नाहीत, जोडाक्षरं नीट उमटताहेत, क्रम तोच आहे. मोबाइलवरही बघा.

गॅलरीचा सर्व्हर बदलत असेल तर डीएनएसचा टीटीएल (डोमेन कुठल्या सर्व्हरवर आहे ते इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचं तो काळ) एक-दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. म्हणजे बदल केल्यावर लोक लवकर नव्या ठिकाणी पोहोचतात, आणि काही बिनसलं तर मागेही लवकर फिरता येतं. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र आधीच तयार ठेवा. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं असेल तर त्याचं आपोआप नूतनीकरण खरंच चालतं का, ते एकदा चालवून बघा.

बदल झाल्यावर पहिले काही आठवडे सर्व्हरच्या नोंदींमधले ४०४ चाळत राहा. तक्त्यातून निसटलेले पत्ते तिथे सापडतात. ते थांबले की मगच जुनं गॅलरी प्लगइन काढा. काही प्लगइनं जाताना आपली टेबलंही पुसून जातात, म्हणून काढण्याआधी त्या टेबलांची आणखी एक निर्यात घ्या आणि ती मूळ फोटो व तक्ता यांच्यासोबत, सर्व्हरपासून वेगळ्या अशा दोन ठिकाणी ठेवा.